दोन्ही विधानं खरी धरून

मिलिंद,

तुझ्या नावाचं पत्रक लिहून तयार आहे. मथळा जाड अक्षरात: ‘घोडबंदर रोडने आमचा माणूस मारला!!!’ तू असतास तर म्हणाला असतास, "दर्शना, एक उद्गारचिन्ह पुरे. बाकीची ठेव, अजून बरेच जण मरायचेत." छापणाऱ्याचा फोन येऊन गेला, "ताई, मजकूर पाठवताय ना?" पाठवते म्हटलं आणि पाठवला नाही. रागात लिहायचं, रागातच छापायचं, राग उतरायच्या आत वाटून मोकळं व्हायचं, ही माझी पद्धत तुला माहीत आहे. या वेळी राग उतरलेला नाही, तरी पत्रक अडकलंय.

मासिकाच्या अंकवाल्यांनी तुझ्यावर ‘दोन शब्द’ मागितलेत. जन्म, शिक्षण, कार्य. ते कुणीतरी लिहील, लिहू दे. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू उठून गेलास. ही तुझी सवय नव्हती. वादातून उठून जाणारी मी. तू शेवटपर्यंत बसायचास, समोरचा थकेपर्यंत, आणि मग वर चहा पाजायचास.

तुझा रविवारचा वर्ग कल्याणजवळ, तुमच्या मोहन्याच्या बुद्धविहारात वरच्या खोलीत भरायचा. डोंबिवलीच्या क्लासमध्ये तू पगारावर शिकवायचास, घोडबंदरच्या टॉवरांत शिकवण्या घ्यायचास, आणि रविवारी मोहन्यात आमच्यासारख्यांना फुकट. कायद्याच्या प्रवेश परीक्षेचं लॉजिकल रीझनिंग. मी ठाण्याच्या कोळीवाड्यातून येणारी एकटी. मला वकील व्हायचं होतं, कारण आमच्या प्रत्येक मोर्चाला वकील उसना आणावा लागायचा. पहिल्या दिवशी तुला ‘सर’ म्हटलं तर म्हणालास, "सर डोंबिवलीत. इथे मिलिंद."

आणि फळ्यावर लिहिलंस: एका गल्लीत अपघात व्हायचे म्हणून गतिरोधक बसवला. गाड्या हळू झाल्या. तरीही अपघात वाढले. खालीलपैकी कोणत्या पर्यायाने याचा उलगडा होतो?

मी हात वर करायचीही वाट बघितली नाही. "कंत्राटदार चोर आहे."

पोरं हसली. तू हसला नाहीस. "असेल. पर्यायात आहे का?"

"पर्यायात नसला तरी आहे."

"बरं, चोर. मग गाड्या हळू कशा झाल्या? चोराचा गतिरोधक चालला की."

मी पर्याय पुन्हा वाचायला लागले.

"मॅडम, दोन्ही विधानं खरी धरायची. गाड्या हळू झाल्या, खरं. अपघात वाढले, हेही खरं. एकाला खोटं पाडून सुटका नाही. दोघांनाही जागा देईल अशी तिसरी गोष्ट शोधायची."

तिसरी गोष्ट होती भाजीच्या हातगाड्या. गाड्या तिथे हळू होतात म्हटल्यावर हातगाड्या तिथेच लागल्या, माणसं तिथेच रस्ता ओलांडायला लागली, गर्दी वाढली आणि धक्के वाढले. मला ते उत्तर अजिबात आवडलं नाही. तू गरीब भाजीवाल्यांवर ढकललंस, असं मी जिना उतरताना म्हटलं, रिक्षाच्या रांगेत म्हटलं. भांडण संपेना म्हणून तू माझ्याबरोबर शहाडपर्यंत रिक्षात बसलास.

"अगं, मी ढकललं नाही. कारण सांगितलं."

"कारण सांगणं म्हणजेच ढकलणं. सगळे साहेब लोक हेच करतात. कारणं सांगतात."

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "तुमचं मिटेपर्यंत कल्याणला सोडू का?" तू म्हणालास, "मिटणार नाही भाऊ, इथेच सोडा." तेव्हा गंमत वाटलेली. मिटलं नाहीच.

त्या प्रश्नांना आपण ‘तरीहीवाले’ म्हणायला लागलो. तू त्यातले सापळे शिकवलेस. एक पर्याय असतो तो अर्धंच सांगतो. तो सगळ्यात देखणा असतो, तू म्हणायचास, आणि तापट माणसं हमखास त्यालाच टिक करतात. मग माझ्याकडे बघायचास. एक पर्याय खरा असतो पण त्याचा इथे संबंध नसतो. आणि कधी प्रश्नात तीन-चार चमत्कारिक गोष्टी एकदम दिल्या असतील, तर चार कारणं शोधत बसायचं नाही. आधी बघायचं, एकच कारण सगळ्यांना पुरतंय का. हे तू इतक्यांदा सांगितलंस की पोरं तुझ्या आवाजात तुझी नक्कल करायची.

मला ते खरं कळलं फ्लेमिंगोंमुळे. खाडीवरच्या एका जाहीर बैठकीत एक साहेब म्हणाला, "फ्लेमिंगो दरवर्षी वाढताहेत. खाडी घाण असती तर पक्षी आले असते का?" माझा बाप मागच्या बाकावर होता. तो तिथूनच ओरडला, "पाखरां आयली, मावरा गेला! आता काय पाखरां भाजून खावाची?" सगळे हसले, आणि हसण्यावारी बापाची आयुष्यभराची मासेमारी गेली. मी घरी येऊन पत्रक लिहिलं: फ्लेमिंगोंचा आकडा खोटा आहे. तुला पाठवलं. तुझं उत्तर आलं, "तू स्वतः मोजलेस?"

मी फोनवर तुला वाट्टेल ते बोलले. तू त्या साहेबाचा माणूस आहेस, तुझ्या मोहन्यात खाडी नाही, तुला काय कळणार. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "पक्षी आले, खरं. मासळी गेली, हेही खरं. तुझा बाप खोटं बोलत नाही. साहेबही पक्ष्यांबद्दल खोटं बोलत नसेल. दोघं कुठे भेटतात ते बघ ना." आणि पुढच्या रविवारी तू तोच प्रश्न फळ्यावर घातलास. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "फ्लेमिंगो मासे खातात कुठे? शेवाळं खातात." झालं. शहराचं सांडपाणी खाडीत, सांडपाण्यावर शेवाळं माजतं, शेवाळ्यावर पाखरं जगतात आणि त्याच पाण्यात मासळी मरते. पाखरं हा खाडी स्वच्छ असल्याचा पुरावा राहिलाच नाही, उलटा झाला.

मी पत्रक फाडलं आणि नवीन लिहिलं. पुढच्या बैठकीत तेच बापाने साहेबासमोर धरलं. साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि विषय बदलला. बाप रस्त्यावर येऊन म्हणाला, "त्या मोहन्याच्या पोऱ्याला जेवाला बोलाव." तू आलास, खाडीच्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण खाल्लंस, घाम पुसत ‘अजून’ म्हणालास. त्या दिवशी मला तुला एक वाक्य सांगायचं होतं. मी ते बोलले नाही, कारण तू लगेच फुशारकी मारली असतीस. वाक्य साधंच होतं: माझ्या बापाचं बोलणं हसण्यावारी जाऊ न देणारा तू पहिला.

पण म्हणून मी हरले असं नाही. टेंभी नाक्याचं भांडण आठव. नवरात्रात देवीच्या गर्दीत आम्ही सभेची पत्रकं वाटली. एक उरलं नाही. बायका मागून घेत होत्या. तरीही सभेला चिटपाखरू नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी राहून मी म्हणाले, "लोक आतून मेलेत."

तू खुर्च्या रचत होतास. "तुझी आई कुठे आहे?"

"बाजारात."

"आणि कोळीवाड्यातल्या बाकीच्या?"

"बाजारातच असणार, आज दसऱ्यानंतरचा पहिला..." आणि मी थांबले.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. नऊ दिवस उपास करून उपाशी झालेलं अख्खं ठाणं त्या दिवशी मासळीच्या रांगेत उभं असतं, आणि आमच्या बायकांना श्वास घ्यायला उसंत नसते. कोळणींची सभा मी, कोळणीच्या पोरीने, त्या दिवशी ठेवलेली. तू खुर्च्यांवर डोकं टेकवून हसलास. "लोक जिवंत आहेत दर्शना, सुरमई विकताहेत."

हसून झाल्यावर मी तुला विचारलेलं, तेच अजून विचारतेय. प्रत्येक गोष्टीचं कारण कळलं की राग कुणावर काढायचा? तुझं म्हणणं, कारण कळलं की राग योग्य दारात जातो. माझं म्हणणं, दारापर्यंत जाईस्तोवर तो थंड होतो आणि समोरच्यांना तेच हवं असतं. तू म्हणालास, "बघू. यावर एक अख्खा रविवार काढू." तो रविवार आपण काढला नाही.

तू गेलास त्या दिवशी टॉवरमधल्या शिकवणीला निघालेलास. घोडबंदर रोडला बसमधून उतरलास आणि स्टॉपवरच बसलास, मग आडवा झालास. एका रिक्षावाल्याने तुला उचलून रिक्षात घातलं. तो मला नंतर भेटला. "ताई, हॉस्पिटलचा बोर्ड दिसत होता समोर. गाडी हलेना. मी उतरून बोंबललो. लोक बाजूला व्हायला बघत होते, पण व्हायला बाजूच नव्हती." पोचेपर्यंत उशीर झालेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. तुझ्या वयाला. सुपारीचं खांड न खाणाऱ्या तुला.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. गाड्यांचे कारखाने आणि टॉवरांचे मजले वाढवणाऱ्यांना रस्ता नावाची गोष्ट लागते हे माहीत नाही का, असं सगळं. त्यात खोटं एक अक्षर नाही, मिलिंद. आजही नाही.

मग तुझा जलदान विधी झाला. त्याच विहारात, वरच्या खोलीत. फळा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, समोर तुझा फोटो, मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, वाटीत पाणी ओतलं गेलं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. आमच्याकडे दहाव्याला कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की सुटलो. तुमच्याकडे कावळा नाही. तुमच्याकडे माणसं उठतात आणि गेलेल्याबद्दल बोलतात. एकेक जण, जमेल तसं. तुमची ही पद्धत मला आवडायची. त्या दिवशी तीच माझ्या छातीवर बसली.

आधी प्रतीक उठला, तुझा डोंबिवलीचा विद्यार्थी. "सर किती मेहनत करायचे. शेवटी शेवटी डावा हात दुखायचा, तरी शिकवायचे. आम्ही विचारलं तर म्हणाले, बॅग नेहमी याच खांद्यावर असते, पट्टा रुततो."

मग तुमच्या बिल्डिंगमधले गायकवाडकाका. "पोरगा गुणी. परवा परवा जिन्यात मध्येच थांबलेला दिसला, दम लागलेला. म्हटलं काय रे म्हातारा झालास का? म्हणाला, काका, वजन वाढलंय, आईच्या भाकऱ्या."

लोक हुंदक्यातही हसले. मी हसले नाही. कारण मला आठवलं, तू माझ्याशी फोनवर बोलता बोलता थांबायचास आणि म्हणायचास, "थांब गं, छातीत जळजळतंय, वडापाव बाधला." आणि मी म्हणायचे, "खा अजून."

मग तुझी आई, शोभामावशी, बसल्या जागीच बोलल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच बोलल्या बहुतेक. "झोपताना दोन उशा घ्यायचा. आडवं पडलं की घाम यायचा त्याला. म्हणायचा, आई, पंखा बदलायला हवा."

हात, दम, जळजळ, घाम. त्या खोलीत सगळं पहिल्यांदा एका ठिकाणी आलं. शाळेतल्या पोरालाही कळावं असं उत्तर. तुझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोराने हात वर केला असता.

आणि तू, मिलिंद? हातासाठी बॅग, दमासाठी भाकरी, जळजळीसाठी वडापाव, घामासाठी पंखा. चारही कारणं चोख, एकेकाला पुरेशी. ज्या माणसाने आम्हाला घसा कोरडा करून शिकवलं की चार गोष्टींना चार कारणं लावायची नाहीत, त्याने स्वतःच्या शरीराला चार कारणं लावली. तुला येत नव्हतं असं तर म्हणताच येत नाही. तुझ्याइतकं ते कुणालाच येत नव्हतं. मला तुझा इतका राग आलाय की तुझ्या फोटोकडे मी अजून नीट बघू शकलेले नाही. आणि हा राग कुठल्या दारात नेऊ, सांग. तुझं दार बंद आहे.

डोंबिवलीच्या त्या क्लासच्या करारात आजारपणाची रजा नव्हती, हे मला माहीत आहे. एक दिवस बसलास तर तीन ठिकाणची पोरं अडायची, हेही माहीत आहे. मी ते लिहीन, आणि ज्यांचं आहे त्यांच्या दारात नेऊन टाकीन. घोडबंदर रोडलाही मी सोडलेलं नाही. तुला वाचवता का आलं नाही, याचं कारण तो रस्ता आहे. पण तू पडलास का, याचं नाही. माझं पत्रक अर्ध्याचंच उत्तर देतंय, देखणं उत्तर, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा हात त्याच्यावर टिक करायला उठेना. दुसऱ्या कुणासाठी लिहिलं असतं तर छापून मोकळी झाले असते. तुझ्या नावाने अर्धं काही छापायचं नाही. एवढं तू माझं नुकसान करून ठेवलंस.

जेवणं उरकली, माणसं पांगली. पोरं सतरंज्या गुंडाळत होती. मावशींनी मला हाताने खूण करून बोलावलं, शेजारी बसवलं.

"तू त्याच्या वर्गात होतीस ना?"

"हो मावशी."

"मग सांग मला. विडी नाही, दारू नाही. सकाळी हसत घरातून गेला. मग असा कसा गेला?" आणि मी काही बोलायच्या आत, आवाज अगदी खाली आणून, "त्या सकाळी पंप बंद होता. मी त्याला खालून हंडे आणायला लावले. तो नाही म्हणाला नाही. मी लावले. त्यानेच गेला का गं?"

तर ही बाई इतके दिवस हे घेऊन बसली होती. लोक सांत्वनाला येत होते, पाया पडत होते, आणि ती मनातल्या मनात हंडे मोजत होती. मी पत्रकातली वाक्यं आठवून बघितली, रस्ता, टॉवर, बळी. त्यातलं एकही त्या हंड्यांपर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा मला तुझं म्हणणं कळलं, रे. कारण नुसतं भांडायला लागत नाही. कारण न कळलेलं माणूस स्वतःलाच कारण करून टाकतं.

"नाही मावशी," मी म्हटलं. "हंड्यांनी नाही गेला. हंडे काय, त्या दिवशी नाही तर पुढे कधी, कशानेही झालं असतं. बरेच दिवस त्याचं हृदय सांगत होतं. मघाशी ऐकलंत ना तुम्ही? प्रतीकने सांगितलेला हात, काकांनी सांगितलेला दम, माझ्याजवळची जळजळ, तुमच्याजवळचा घाम. ते सगळं एकच होतं. त्याने ते आपल्यात वाटून टाकलं. कुणाजवळच पुरतं नव्हतं. म्हणून कुणालाच कळलं नाही. तुम्हालाही नाही. तुमची चूक नाही."

त्या ऐकत होत्या. मी एकेक शब्द तुझ्यासारखा, सावकाश टाकत होते. त्यांचे खांदे थोडे खाली आले. मला वाटलं, पोचलं. खूप वेळ त्या पांढऱ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "वाटून का टाकलं पण? मला एकटीला सगळं सांगायचं ना. आई होते मी."

मिलिंद, मला उत्तर येत होतं. अगदी सोपं होतं, त्या खोलीतल्या कुणालाही आलं असतं: तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून. मला ते त्यांच्या तोंडावर बोलवलं नाही. कारण त्यावर त्या काय विचारतील ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

काळजी वाटू नये म्हणून? मग आता मला वाटतेय ती काय आहे?